खंडित सिस्टिम कॉल

संगणकावर चालणाऱ्या आज्ञावलीने परिचालन प्रणालीच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नेलकडे, केलेल्या सेवेच्या मागणीस सिस्टिम कॉल म्हणतात. फाइल वाचणे, जाळ्यावर माहिती पाठविणे, ठरावीक काळ थांबणे इ. कामे आज्ञावली स्वतः करीत नाही. ती कर्नेलकडून करवून घेते. अशी मागणी पूर्ण होण्यापूर्वी आज्ञावलीस एखादा सिग्नल मिळाला आणि त्यामुळे कर्नेलने काम मध्येच सोडून नियंत्रण परत दिले, तर तो सिस्टिम कॉल खंडित झाला असे म्हणतात. युनिक्स व लिनक्स या प्रणालींत अशा वेळी आज्ञावलीच्या हाती ‘ई-इंटर’ या नावाचा चूक-दर्शक अंक येतो (लिनक्समध्ये त्याचे मूल्य ४ आहे). हा अंक चुकांच्या यादीत असला, तरी तो नेहमीच्या अर्थाने बिघाड दर्शवीत नाही. साधन सुस्थितीत आहे, मागणीही योग्य आहे. केवळ ती पूर्ण होण्याआधी दुसरे काम उपस्थित झाले, एवढाच त्याचा अर्थ आहे. हा भेद न ओळखल्यास काय घडते, हे आभासी नेटवर्क ड्रायव्हरांच्या बाबतीत विशेष स्पष्टपणे दिसते. तेथे एका दुर्लक्षित खंडनामुळे पॅकेट गहाळ होऊ शकते, तेच पॅकेट दोनदा जाऊ शकते किंवा संपूर्ण जोडणीही बंद पडू शकते.

खंडनाचे कारण : सिग्नल म्हणजे एखाद्या प्रक्रियेस कर्नेलने किंवा दुसऱ्या प्रक्रियेने दिलेली लहानशी सूचना. वापरणाऱ्याने काम थांबविण्यासाठी कळ दाबणे, लावलेला गजर वाजणे, अपत्य-प्रक्रिया संपणे, एखाद्या साधनावर माहिती येऊन पोहोचणे या सर्व प्रसंगी सिग्नल पाठविता येतो. प्रक्रियेने त्यासाठी स्वतःचा हाताळक, म्हणजे सिग्नल आल्यावर चालवावयाचा आज्ञासमूह, नेमून ठेवलेला असल्यास चालू काम बाजूस ठेवून प्रथम तो चालविला जातो. प्रक्रिया गणितात गुंतलेली असेल, तर यात अडचण नसते. हाताळक संपताच गणित पुढे चालू होते. परंतु प्रक्रिया कर्नेलच्या आत एखाद्या घटनेची वाट पाहत झोपलेली असेल, तर तिला जागे करावे लागते व तिची मागणी अपुरी राहते.

सर्वच सिस्टिम कॉल अशा रीतीने खंडित होत नाहीत. चकतीवरील फाइल वाचण्यास थोडा व साधारणतः मर्यादित वेळ लागतो. तेथे सिग्नलास थांबावे लागते. याउलट टर्मिनल, पाइप, सॉकेट किंवा आभासी नेटवर्क साधन यांवर माहिती केव्हा येईल हे सांगता येत नाही. अशा अनिश्चित काळ चालणाऱ्या कॉलांना ‘मंद’ सिस्टिम कॉल म्हणतात आणि खंडनाचा प्रश्न प्रामुख्याने त्यांच्यापुरताच येतो.

इतिहास : या प्रश्नाची दोन उत्तरे प्रारंभापासून प्रचलित आहेत. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तयार झालेल्या आयटीएस या प्रणालीत सिस्टिम कॉल कधीही अर्धवट दिसता कामा नये, असे तत्त्व होते. व्यत्यय आल्यास कॉल एक तर पूर्ण केला जाई किंवा आज्ञा-निर्देशक मागे नेऊन प्रक्रिया जणू कॉल करण्याच्या आधीच उभी आहे, अशी स्थिती निर्माण केली जाई. बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून विकसित होत गेलेल्या युनिक्सने सोपा मार्ग स्वीकारला. तेथे खंडित कॉल चूक-दर्शक अंक घेऊन परत येई व तो पुन्हा करावयाचा की नाही, हे आज्ञावलीने ठरवावे अशी अपेक्षा असे. कर्नेलची रचना त्यामुळे सुटसुटीत झाली. पण कर्नेलने नाकारलेली जबाबदारी प्रत्येक आज्ञावलीच्या लेखकावर येऊन पडली. रिचर्ड गेब्रिएल यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात संगणकशास्त्रातील दोन विचारसरणींचा विरोध स्पष्ट करण्यासाठी हेच उदाहरण घेतले आहे.

पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेने १९८३ मध्ये प्रसृत केलेल्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत काही कॉल आपोआप पुन्हा सुरू करण्याची सोय झाली. मात्र काही आज्ञावलींना खंडन हवे असते, असे आढळल्याने नंतर निवड आज्ञावलीवर सोपविण्यात आली. आज हाताळक नेमताना ‘एसए-रीस्टार्ट’ हे चिन्ह दिल्यास पात्र कॉल कर्नेल स्वतः पुन्हा सुरू करते. न दिल्यास ‘ई-इंटर’ परत येतो.

कर्नेलमधील कार्यपद्धती : लिनक्समध्ये ड्रायव्हर स्वतः ‘ई-इंटर’ देईलच असे नाही. प्रलंबित सिग्नल आढळल्यास तो सामान्यतः ‘ई-रीस्टार्ट-सिस’ हे ५१२ मूल्याचे अंतर्गत चिन्ह परत करतो. वापरकर्त्याच्या आज्ञावलीस ते कधीही दिसू नये, असा संकेत आहे. सिग्नल पोहोचविणारा कर्नेलचा भाग ते चिन्ह पाहून पुढील निर्णय घेतो. हाताळक चालणारच नसेल किंवा त्यास ‘एसए-रीस्टार्ट’ चिन्ह असेल, तर कॉल पुन्हा सुरू केला जातो. अन्यथा ५१२ च्या जागी ४ हा अंक ठेवला जातो. एक्स८६ जातीच्या संस्कारकांत पुन्हा सुरू करण्याची कृती अगदी साधी आहे. सिस्टिम कॉलची आज्ञा २ बाइटांची असल्याने आज्ञा-निर्देशक २ ने मागे नेला जातो व कॉलचा मूळ क्रमांक नोंदकात परत ठेवला जातो. प्रक्रिया पुन्हा चालू होताच तीच आज्ञा नव्याने पार पडते. आयटीएसमधील जुनीच कल्पना येथे वेगळ्या मार्गाने परत आलेली दिसते.

या सोयीस मर्यादा आहेत. अनेक साधनांवर एकाच वेळी लक्ष ठेवणारे सिलेक्ट, पोल व ई-पोल हे कॉल हाताळक चालून गेल्यावर पुन्हा सुरू केले जात नाहीत. ‘एसए-रीस्टार्ट’ दिलेले असले तरीही ते ‘ई-इंटर’ देतात. कालमर्यादा लावलेल्या सॉकेटवरील वाचनासही हाच नियम लागू आहे. यामुळे ते चिन्ह दिले म्हणजे प्रश्न मिटला, ही समजूत चुकीची ठरते. आभासी नेटवर्क चालविणाऱ्या बहुतेक आज्ञावलींचा मुख्य फेरा याच कॉलांवर उभा असतो.

आभासी नेटवर्क ड्रायव्हर : खऱ्या नेटवर्क ड्रायव्हराच्या एका बाजूस कर्नेल व दुसऱ्या बाजूस तारेला जोडलेले यंत्र असते. आभासी ड्रायव्हराच्या दुसऱ्या बाजूस यंत्राऐवजी आज्ञावली असते. लिनक्समधील टन-टॅप हा ड्रायव्हर याचे प्रमुख उदाहरण होय. कर्नेलने त्या जोडणीवर धाडलेले पॅकेट आज्ञावलीस फाइल वाचावी तसे वाचता येते व तिने लिहिलेले पॅकेट बाहेरून आल्याप्रमाणे कर्नेलमध्ये शिरते. ओपनव्हीपीएनसारख्या खाजगी जोडण्या देणाऱ्या आज्ञावली आणि क्यूईएमयूसारखी आभासी संगणक चालविणारी साधने यांचा वापर करतात. तारेला सिग्नल मिळत नाही, आज्ञावलीस मिळतो. म्हणून खंडनाचा प्रश्न या ड्रायव्हरांस खऱ्या ड्रायव्हरांपेक्षा अधिक जवळचा आहे.

टन-टॅपमधून वाचन करताना पुढील क्रम पाळला जातो. प्रथम रांगेत पॅकेट आहे काय, हे पाहतात. नसल्यास व आज्ञावलीने थांबण्यास नकार दिलेला असल्यास ‘ई-अगेन’, म्हणजे ‘नंतर प्रयत्न करा’, हे उत्तर मिळते. थांबण्याची तयारी असल्यास प्रक्रिया प्रतीक्षा-यादीत घातली जाते, तिची अवस्था ‘खंडनक्षम निद्रा’ अशी नोंदली जाते आणि मग रांग पुन्हा एकदा तपासली जाते. त्यानंतरही पॅकेट नसेल, तर प्रलंबित सिग्नल आहे काय, हे पाहून मगच प्रक्रिया झोपते. या क्रमास महत्त्व आहे. झोपेची अवस्था नोंदण्यापूर्वीच शेवटची तपासणी केली, तर त्या दोहोंमधील क्षणी आलेले पॅकेट कोणालाही जागे करणार नाही. तसेच सिग्नलाआधी रांग पाहिल्यामुळे हाती आलेले पॅकेट सोडून खंडनाचे उत्तर दिले जात नाही. परिणामी, येथे ‘ई-इंटर’ आला म्हणजे एकही पॅकेट रांगेतून काढलेले नाही, अशी खात्री असते व वाचन पुन्हा करणे निर्धोक ठरते.

यूएमएलचे उदाहरण : यूजर मोड लिनक्स किंवा यूएमएल ही जेफ डाइक यांनी विकसित केलेली प्रणाली होय. हीत संपूर्ण लिनक्स कर्नेल दुसऱ्या, म्हणजे यजमान, लिनक्सवर सामान्य प्रक्रिया म्हणून चालते. प्रत्यक्ष यंत्रावरील व्यत्ययांची जागा येथे सिग्नल घेतात. काळाचे ठोके गजराच्या सिग्नलाने कळतात व साधनावर माहिती आल्याची वर्दी ‘सिग-आयओ’ या सिग्नलाने मिळते. त्यामुळे यूएमएलच्या ड्रायव्हराने यजमानाकडे केलेला कोणताही मंद कॉल अशा सिग्नलाने खंडित होण्याची शक्यता सतत असते. येथे सिग्नल हा अपवाद नसून यंत्राचा नित्याचा व्यवहारच आहे.

यूएमएलच्या जुन्या नेटवर्क ड्रायव्हरांत खंडनाचा परिणाम किती दूरवर जाऊ शकतो, हे पाहण्यासारखे आहे. पॅकेट पाठविताना ऋण उत्तर आल्यास ड्रायव्हर चूक-संदेश छापीत असे व पॅकेटची जागा मोकळी करीत असे. म्हणजे ‘ई-इंटर’ तेथपर्यंत पोहोचल्यास ते पॅकेट नष्टच होणार. वाचनाच्या बाजूस परिणाम याहून गंभीर होता. वाचनाचे उत्तर ऋण आले, तर साधन निकामी झाले असे मानून ड्रायव्हर ती संपूर्ण जोडणी बंद करण्याची व्यवस्था करी. खरोखर निकामी झालेल्या साधनाबाबत हे धोरण योग्यच आहे. परंतु खंडनाची चूक त्यात मिसळल्यास काळाच्या एका साध्या ठोक्याने आभासी संगणकाचा जगाशी संबंध तुटू शकतो. पुन्हा सुरू केल्यावर सर्व काही सुरळीत चालत असल्याने अशा दोषाचे मूळ शोधणेही अवघड होते.

यासाठी यूएमएलमध्ये ‘कॅच-ई-इंटर’ नावाचा छोटा आज्ञाखंड वापरीत. तो चूक-दर्शक अंक शून्य करून कॉल करतो व उत्तर ऋण आणि चूक ‘ई-इंटर’ असेल तोवर तोच कॉल पुन्हा करीत राहतो. त्यातून बाहेर पडलेली चूक खरी असते. तिच्यातून ‘ई-अगेन’ वेगळा काढला जाई व ‘आता काही नाही’ अशा अर्थाने शून्य परत दिले जाई. उरलेल्या चुकाच वरच्या थरास बिघाड म्हणून कळविल्या जात. खंडन, तात्पुरता अभाव व बिघाड या तीन गोष्टींचे असे पृथक्करण हा या प्रकारच्या ड्रायव्हरलेखनाचा पाया होय. जीएनयू सी ग्रंथालयातही पुनःप्रयत्नासाठी अशाच स्वरूपाची सोय उपलब्ध आहे.

पुनःप्रयत्नाच्या मर्यादा : कॉल पुन्हा करणे योग्य की अयोग्य, हे खंडनापूर्वी किती काम झाले होते यावर अवलंबून असते. त्या दृष्टीने तीन अवस्था संभवतात.

(१) काहीच काम झालेले नाही. टन-टॅपवरील वाचन या वर्गात येते. येथे एक कॉल म्हणजे एक पॅकेट असा नियम असल्याने अर्धे पॅकेट ही अवस्थाच नसते. कॉल जसाच्या तसा पुन्हा करावा.

(२) काही काम झाले आहे. टीसीपी सॉकेटवर ८,००० बाइट पाठविताना ३,००० बाइट गेल्यावर सिग्नल आला, तर ‘ई-इंटर’ मिळत नाही. ३,००० हे उत्तर मिळते. ते यश समजून उरलेले ५,००० बाइट सोडले, तर पलीकडील टोकास पॅकेटांच्या सीमा चुकतात. तोच कॉल मुळापासून पुन्हा केला, तर पहिले ३,००० बाइट दोनदा जातात. अनेक पॅकेटे एकदम पाठविणाऱ्या ‘सेंड-एम-मेसेज’ या कॉलासही (लिनक्स ३.०, २०११) हेच लागू पडते. किती पॅकेटे गेली तो आकडा तो परत देतो व पुढील प्रयत्न त्यानंतरच्या पॅकेटापासून करावा लागतो.

(३) काम झाले की नाही, हे सांगता येत नाही. फाइल बंद करणारा ‘क्लोज’ हा कॉल याचे उदाहरण आहे. पॉझिक्स मानकाच्या २००८ च्या आवृत्तीने खंडनानंतर फाइल उघडी राहते की नाही, हे निश्चित केले नव्हते. लिनक्समध्ये फाइलचा क्रमांक कॉलच्या प्रारंभीच मोकळा केला जातो; म्हणून ‘ई-इंटर’ आला तरी क्लोज पुन्हा करू नये. अनेक सूत्रे (थ्रेड) असलेल्या आज्ञावलीत मधल्या क्षणी दुसऱ्या सूत्रास तोच क्रमांक मिळालेला असू शकतो आणि पुनःप्रयत्नाने त्याची नुकतीच उघडलेली जोडणी बंद होते. एचपी-यूएक्स या प्रणालीत मात्र क्लोज पुन्हा करावा लागे. एकाच चूक-अंकाचा अर्थ कॉलनुसार व प्रणालीनुसार कसा बदलतो, हे यावरून दिसून येते.

कालमर्यादा असलेल्या कॉलांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. ५ सेकंद थांबण्याचा पोल ४ सेकंदांनी खंडित झाला व पुन्हा ५ सेकंदांचीच मर्यादा दिली, तर एकूण प्रतीक्षा ९ सेकंदांची होते. सिग्नल वारंवार येत राहिल्यास ती कधीच संपत नाही. म्हणून प्रारंभीच अंतिम क्षण ठरवून प्रत्येक वेळी उरलेला अवधी मोजावा. त्यासाठी घड्याळ मागेपुढे केल्याने न बदलणारा एकदिश काळ वापरतात.

थांबण्याची सूचना : प्रत्येक खंडन दुर्लक्षून कॉल पुन्हा करीत राहणे हाही दोषच होय. ओपनव्हीपीएनसारखी आज्ञावली जोडणी नव्याने उभारणे, आकडेवारी देणे व काम संपविणे या सूचना सिग्नलांतूनच स्वीकारते. हाताळकाने ‘थांबावयाचे आहे’ अशी नोंद केली, पण फेऱ्याने ती न पाहता वाचन पुन्हा सुरू केले, तर पुढील पॅकेट येईपर्यंत ती सूचना अंमलात येत नाही. शांत जोडणीवर पुढील पॅकेट येण्यास कितीही वेळ लागू शकतो. म्हणून पुनःप्रयत्नापूर्वी प्रत्येक वेळी ही नोंद तपासावी लागते.

एवढ्यानेही एक फट शिल्लक राहते. नोंद तपासल्यानंतर व वाचन सुरू होण्यापूर्वीच्या क्षणी सिग्नल आला, तर कोणताही कॉल खंडित होत नाही आणि प्रक्रिया निश्चिंतपणे झोपी जाते. ही फट बुजविण्याचे तीन मार्ग रूढ आहेत. पहिल्यात सिग्नल सामान्यतः रोखून धरतात व ‘पी-सिलेक्ट’ किंवा ‘पी-पोल’ या कॉलांनी, फक्त प्रतीक्षेपुरते आणि अविभाज्य रीतीने, ते खुले करतात. दुसऱ्यात हाताळक आज्ञावलीच्याच एका पाइपमध्ये एक बाइट लिहितो. त्यामुळे सिग्नल हाही पॅकेटाप्रमाणे वाचावयाची माहिती बनतो. तिसऱ्यात लिनक्स २.६.२२ (२००७) पासून मिळणाऱ्या ‘सिग्नल-एफडी’ या सोयीने सिग्नल थेट फाइलप्रमाणे वाचले जातात.

उपयुक्त खंडन : काही ठिकाणी खंडन मुद्दाम घडवून आणले जाते. लिनक्समधील केव्हीएम या सुविधेत (२.६.२०, २००७) आभासी संस्कारक चालविणारे सूत्र एका दीर्घ सिस्टिम कॉलाच्या आत असते. क्यूईएमयूला त्या सूत्राकडून दुसरे काम करवून घ्यावयाचे असल्यास ते त्यास सिग्नल पाठविते. कॉल ‘ई-इंटर’ घेऊन बाहेर येतो, काम उरकले जाते व सूत्र परत आत जाते. येथे ‘ई-इंटर’ म्हणजे दारावरची थाप होय.

भाषांतील तरतूद : हा भार प्रत्येक लेखकावर राहू नये म्हणून काही भाषांनी तो स्वतःकडे घेतला आहे. पायथॉनच्या ३.५ या आवृत्तीपासून (२०१५) तिचे मानक ग्रंथालय खंडित कॉल आपण होऊन पुन्हा करते. हाताळकाने अपवाद उभा केल्यास मात्र करीत नाही. गो भाषेच्या १.१४ आवृत्तीत (२०२०) सूत्रांना मध्येच थांबविण्यासाठी सिग्नलांचा वापर सुरू झाला व कर्नेलशी थेट व्यवहार करणाऱ्या आज्ञावलींना ‘ई-इंटर’ पूर्वीपेक्षा अधिक वेळा दिसू लागला. ज्या आज्ञावलीने स्वतः एकही हाताळक नेमलेला नाही, तिलाही खंडनाची तयारी ठेवावी लागते, हे यावरून स्पष्ट होते.

चाचणी : खंडनाचा दोष क्षणांच्या योगायोगावर अवलंबून असल्याने नेहमीच्या वापरात तो क्वचित प्रकट होतो, म्हणून तो मुद्दाम घडवावा लागतो. अल्प अंतराने वाजणारा गजर लावून व ‘एसए-रीस्टार्ट’ न देता ड्रायव्हरमधून क्रमांक घातलेली पॅकेटे पाठवितात आणि पलीकडे कोणते क्रमांक गहाळ झाले व कोणते दोनदा आले, हे तपासतात. एस-ट्रेस या साधनाच्या ४.१५ या आवृत्तीपासून (२०१६) ठरावीक कॉलास कृत्रिम चूक देता येते. त्यायोगे तिसरे वाचन किंवा दहावे लेखन नेमके खंडित झाल्याचे भासविता येते. मात्र असे कृत्रिम उत्तर देताना मूळ कॉल केलाच जात नाही. त्यामुळे ही पद्धत ‘काहीच काम झालेले नाही’ या पहिल्या अवस्थेचीच परीक्षा घेते. अर्धवट कामाची परीक्षा गजराच्या पद्धतीने वेगळी घ्यावी लागते. दोन्ही कसोट्यांत एकही क्रमांक न गमावता वा न दुणावता चालणारा आणि थांबण्याची सूचना मिळताच थांबणारा ड्रायव्हर या बाबतीत निर्दोष मानता येतो.